गच्चीवरची ताडपत्री

बदलापूर,
बुधवार

प्रिय विनीत,

पुढच्याच स्टेशनावर, अंबरनाथला राहणाऱ्या मुलाला पत्र लिहिणारी बदलापुरात मी एकटीच असेन. पण फोनवर तू "बरं आहे ना?" विचारतोस आणि मी "बरं आहे" म्हणेपर्यंत ठेवतोसही. पत्र तू मध्येच बाजूला ठेवलंस, तरी निदान मला दिसणार नाही.

तर बातमी अशी, की शनिवारच्या वादळात आपल्या सोलरचे दोन पॅनल फुटले. उडाले नाहीत हं. शेजारच्या सुदामभाऊंच्या शेडचा पत्रा उडून पॅनलवर आदळला. काचेचा पार रवा झाला, पण सांगाडा तसूभर हलला नाही. आवाज झाल्याबरोबर तुझे बाबा जिन्याखाली धावले आणि आधी सोलरचा स्विच बंद केला. तू तो समजावून सांगत होतास तेव्हा हे पेपरात तोंड खुपसून बसले होते, आठवतंय? मला वाटलं होतं, एक अक्षर ऐकलं नसेल.

वाऱ्याने जोर धरला तेव्हा मी घाबरले, की आता यांचंच खरं होणार. तुझं पहिलंच काम, म्हणून हौसेने घरच्या गच्चीवर केलंस, आणि पाहुण्यांच्या पंगतीत हे म्हणाले, "पहिल्या वादळात उडतील, आणि पाठोपाठ याचा धंदाही." कंपनीतली नोकरी सोडलीस त्याचा राग होता तो, पॅनलचा नव्हे. तू भरल्या ताटावरून उठलास. मी पुऱ्या वाढत राहिले. त्याचं मला फार वाईट वाटतं रे. एका शब्दाने यांना अडवलं असतं, तर तुझी खोली दोन वर्षं बंद राहिली नसती.

वादळ ओसरल्यावर हे पाना घेऊन वर गेले आणि एकेक नट चाचपून आले. जेवताना भात दोनदा घेतला. आता येईल त्याला गच्चीवर नेतात, दूधवालाही सुटला नाही. "पॅनल उडाले नाहीत बरं का, पत्रा पडला वरून. काम एकदम पक्कं आहे." सुदामभाऊ बिचारे रोज नव्याने आरोपी होतात. मला हसू येतं आणि मग जीव तुटतो. हेच तुझ्यासमोर म्हणाले असते तर!

मी सोलरवाला बोलावला, तो यांनी परत पाठवला. दुसऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं. पॅनलवर ताडपत्री बांधलीय, तिच्या दोऱ्या रोज संध्याकाळी आवळून येतात. पावसाळा तोंडावर आलाय. काल मी चिडून विचारलं, हे दुरुस्त करणार कोण? तर म्हणाले, "ज्याने बसवलेत तो येतोय रविवारी." क्षणभर मला खरंच वाटलं, तुमचं बोलणं झालंय. अख्ख्या गल्लीला सांगून झालंय, सुदामभाऊंनी शिडीसुद्धा काढून ठेवलीय. तुला विचारायचं तेवढं राहिलंय, आणि ते यांच्याने होणार नाही. म्हणून मी विचारते. रविवारी येशील?

तुझीच,
आई