ताई दारात बसते

३ नोव्हेंबर
चित्रकलेच्या पाठक मॅडमनी आज माझा सगळा पोर्टफोलिओ टेबलावर पसरला. तुंगार्लीचा तलाव. पुन्हा तलाव. तिसराही तलावच. तांब्या आणि वांगी. एक बंगला, तो मी फोटोवरून काढलाय हे त्यांनी लांबूनच ओळखलं.
"सोनल, हात चांगला आहे तुझा. पण ही चित्रं वर्गातल्या कुणीही काढली असती तरी मला फरक कळला नसता."
जानेवारीत बाहेरचे परीक्षक येणार. ते बघणार, मग कला महाविद्यालयासाठी शिफारस देणार, किंवा नाही देणार. बारावीनंतर दुसरं काही मी ठरवलेलंच नाही.
लोणावळ्याहून घोरावाडीपर्यंत लोकलमध्ये उभीच आले. जागा होती. बसवेना.

५ नोव्हेंबर
अभ्यास नाही. पुस्तक उघडते, मिटते. पप्पा कंपनीत दुसऱ्या पाळीला, आई चुलत्यांच्या खळ्यावर भात झोडायला. घरात मी आणि ताई.
ताई दिवाळीला म्हणून सासरहून आली, ती परत गेलीच नाही. आंबी गावात कुणी विचारलं की आई म्हणते, "अशक्त झालीया, जरा आराम करतीया."
ताई दारात बसून तांदूळ निवडत होती. काहीतरी काढायचं म्हणून तिला काढली. पाठ, मान, सैल अंबाडा. चारकोलने, भराभर. नंतर बघितलं तर माझ्या हातचं वाटेना.

९ नोव्हेंबर
रोज ताईच. कधी लसूण सोलताना, कधी नुसतीच. उंबऱ्याला टेकून, अर्धी आत अर्धी बाहेर. आई ओरडते, "आत बस की गं, गार वारं सुटलंय." ही हलत नाही.
मी काढतेय हे तिला कळतं. वळून बघत नाही, नकोही म्हणत नाही. मी तो होकारच धरलाय.

१७ नोव्हेंबर
मॅडमना दाखवली. त्यांनी एकेक कागद भिंतीला टेकवून ठेवला आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या.
"कोण ही?"
"मोठी बहीण."
"सगळीकडे दार का आहे?"
"ती तिथंच बसते."
"का?"
मला खरंच माहीत नाही.
"हीच तुझी चित्रं. ते तलाव काढून टाक."
आनंद झाला. खूप झाला. पण गाडीत बसल्यापासून डोक्यात तेवढंच. का?

१८ नोव्हेंबर
विचारलं. ताई मेथी निवडत होती. मान वर न करता सांगितलं.
"तुजे दाजी कामावर जाताना भायेरून कडी लावून जायचे. सकाळी लावली की पाळी सुटंस्तवर."
"आईला सांगितलंस?"
"सांगितलं. म्हणली, काळजीपोटी करत असंल."
मग काड्या गोळा केल्या, उकिरड्यावर टाकून आली, परत दारातच बसली.
आज चित्र काढलं नाही. काढावंसं वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

२६ नोव्हेंबर
कॉलेजातून आले तर ताई माझं फोल्डर उघडून बसलेली. सगळी चित्रं पलंगावर.
"मी अशी दिसती?"
मी कागद गोळा करायला लागले.
"कुणी कुणी बघितली?"
"मॅडमनी. वर्गातल्यांनी."
"त्यो तांब्या न् वांगी मांडता ना तुमी टेबलावर. तशी मांडलीस मला."
"चांगली आलीत गं ताई, म्हणून."
"चांगली आलीत म्हनूनच."
आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ताईने. स्वतः.

२९ नोव्हेंबर
ती आता दारात बसत नाही. मी घरात असले की आतच. माझ्याशी कामापुरतं. मीठ दे, नळ बंद कर.
पप्पांच्या चपला काढल्या. सायकल काढली. शेजारची शेळी काढली. सगळं फाडावंसं वाटतं.
मॅडमना झालेलं सांगितलं. म्हणाल्या, "तू तिला विचारायला हवं होतंस. मीही आधी तेच विचारायला हवं होतं." मग, "पण सोनल, त्यांच्याशिवाय तुझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही."
दोन्ही खरं आहे. त्याचंच काय करायचं ते कळत नाही. घरी न जाता इंद्रायणीच्या पुलावर सायकल लावून उभी राहिले. पाण्याचं चित्र काढायलाही मन झालं नाही.

७ डिसेंबर
दाजी आले. बरोबर त्यांचे चुलते. चहा मी केला.
चुलते पप्पांना म्हणाले, "झालं गेलं सोडून द्या. लेकीनं तिच्या घरी असावं. लोक इचारत्यात."
दाजी मोबाईल मांडीवर उलटासुलटा करत होते. "मी कधी हात उचललाय का? विचारा तिलाच."
आईने आतून हाक मारली, "वैशे, पिशवी भर बाई."
ताई बाहेर आली ती रिकाम्या हाताने. उभीच राहिली.
"मारलं न्हाई. कडी लावली."
"अगं, त्ये काळजीनं—" चुलते.
"मामंजी, तुमी घरी एकटं असता तवा तुमाला कडी कोन लावतं?"
पप्पा नुसते जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता हे तिला जा म्हणणार. पण बोलले, "पाव्हणं, आज ऱ्हाऊ द्या. ती म्हणंल तवा बघू."
पप्पा! पाहुण्यांपुढे मान वर न करणारे.
कपात साय धरली, चहा तसाच. मी ताईच्या चेहऱ्याकडे बघत होते. चित्रासाठी नाही. की चित्रासाठीच? आतासुद्धा खात्री नाही.

८ डिसेंबर
आई भाकरी थापते, डोळे पुसते, परत थापते. पप्पांशी बोलणं बंद. मला म्हणाली, "एक येऊन बसलीया, दुसरी चित्रं काढतीया."

१४ डिसेंबर
ताई आपणहून आली. प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि माझ्या समोर बसली.
"काढ. तोंडाकडं बघून काढ. पाठमोरी लय झाली."
काढायला घेतली. ती सरळ बघत होती आणि मलाच खाली बघावंसं वाटत होतं. डोळे काही केल्या जमेनात. खोडून खोडून कागदाचा पापुद्रा निघाला.
ताई म्हणाली, "ही मी न्हाई."
दुसरा कागद.
"ही बी न्हाई." आणि हसली! आली तेव्हापासून आज पहिल्यांदा.
मग मी भीत भीत, "आणि ती आधीची?"
"ती कुणाला दावायची न्हाईत. ती माजी हायेत, मला दे."
दिली. एकूण एक. तिने गुंडाळी करून पेटीत टाकली. जपून ठेवणार की जाळणार, विचारलं नाही.

२२ डिसेंबर
रोज बसते. रोज जमत नाही. बसल्या बसल्या बोलते मात्र. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात बाई पाहिजे म्हणे. "मला जमंल का गं, सोने?" मी म्हटलं हलू नकोस.
मॅडमनी हे नवे चेहरे बघितले. "आधीची जास्त चांगली होती."
"हो."
"आण ना ती."
"ती माझी नाहीत, मॅडम."
त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असाव्यात, किंवा नसतील. "मग हेच काढत राहा. पण दिवस थोडे उरलेत."

११ जानेवारी
उद्या परीक्षक.
काल एका कागदावर डावा डोळा आला. खरा आला, तिचाच. उजव्याला हातच लावला नाही, तिथे कागद कोराच आहे.
ताईने बघितलं. "येकच डोळा?"
"दुसरा मला अजून दिसत नाही."
"बरं. मग ऱ्हाऊ दे तसाच. उगंच चुकीचा नको काढू."
चुकलेले सगळे चेहरे आणि शेवटी हा. असा पोर्टफोलिओ घेऊन कुणी जातं का?

१२ जानेवारी, लोणावळा स्टेशन
ताई बरोबर आली होती. आई दारात उभी, डबा दोघींचा भरला होता. ताई दुकानात विचारायला गेली, मी कॉलेजात.
परीक्षक दोघे. एकांनी भराभर उलटलं. दुसरे शेवटच्या कागदावर थांबले. "हे अपुरं का ठेवलंय?"
उत्तर पाठ करून गेले होते. सगळं विसरले. म्हटलं, "ती अजून बसतेय, सर."
त्यांनी काहीतरी लिहिलं. निकाल कळवू म्हणाले. मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळेना.
तिकीट खिडकीपाशी भेटायचं ठरलं होतं. ताई नाही. एक गाडी गेली. फोन लावला.
"कुठं आहेस? काय म्हणाले दुकानात?"
"सांगते मागनं. तू जा फुडं. मी येते माजी माजी."
"अगं पण आहेस कुठं?"
"हितंच. फिरतीया."
मागे गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी हसलं. तीच असावी. फोन ठेवला तिने.
पुढची गाडी लागली. चढले, उतरले, परत चढले. आता सुटलीय. घरी गेल्या गेल्या आई विचारणार, कुटं सोडलीस तिला? काय सांगायचं ते मला अजून—