पाण्याला काय विचारायचं

रविवार, २ नोव्हेंबर

आलो एकदाचे! अक्कलकोटच्या पुढे पंधरा किलोमीटर. कर्नाटकची हद्द इतकी जवळ, की माझा मोबाइल अधूनमधून कन्नड बोलायला लागतो. अजिंक्यच्या सोलर प्रकल्पाचं काम वर्षभर चालणार, म्हणून हे दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलंय. वर नवा स्लॅब, पुढे अंगण, मागे तुरीचं रान आणि अंगणाच्या कडेला चक्क स्वतःची विहीर! बार्शीत नळाच्या वेळा सांभाळून आयुष्य काढलेल्या बाईला याहून मोठं सुख नाही. यंदा पाऊस भरपूर झाल्यामुळे पाणी खूप वर आलंय. गार आणि गोड. मी उभ्या उभ्या दोन तांबे प्याले.

रुद्राणी चार महिन्यांची झाली. नवीन घर टकामका बघत होती. माझं दूध तिला पुरत नाही, पावडरचं द्यावं लागतं, तेवढी एक टोचणी मनाला आहेच.

घरमालकीण केराबाई शेजारीच राहतात. आमच्यासारखंच त्यांचंही सगळं याच विहिरीवर. बादली सोडताना दर वेळी ‘एनू इल्ल’ असं पुटपुटतात. म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाल्या, “काय न्हाय. पाण्यात काय न्हाय, असं म्हनायचं. आमची रीतच हाय की.” रडणाऱ्या पोराची समजूत घालावी तशी विहिरीची समजूत! अजिंक्यला सांगितलं, तोही हसला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तीन दिवस गप्प बसले, हेच खूप झालं. गॅसचं बटण तीनदा बघणारी बाई विहिरीला कशी सोडेल, असं अजिंक्य म्हणतो. म्हणू दे. सहा वर्षं बार्शीत पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसून लोकांच्या फॉर्मवर खुणा केल्यात मी. पोटच्या पोरीचं दूध ज्या पाण्यात कालवते, ते तपासायचं नाही?

सोलापूरच्या एका खासगी प्रयोगशाळेतून फॉर्म मागवला. अठ्ठावीस रकाने! तिथला गुरु नावाचा मुलगा फोनवर म्हणाला, की मॅडम, खाजगी विहिरीला सगळं लागत नाही, गरजेपुरतं निवडा. काय निवडायचं यात सकाळ गेली. एक सोडलं की तेच महत्त्वाचं असेल असं वाटायचं. शेवटी चार खुणा केल्या: क्षार, जडपणा, फ्लोराइड, जंतू.

केराबाईंना कौतुकानं दाखवायला गेले तर त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, “पाण्याला असलं इचारू नये, बाई. इचारलं की ते व्हय म्हनतंय.” मी हसण्यावारी नेलं. विहिरीच्या पाण्याची नमुन्याची बाटली अजिंक्यबरोबर गेली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. चारही गोष्टी मर्यादेबाहेर. फ्लोराइड तर चौपट.

लगेच विहिरीचं पाणी बंद, जार सुरू. रुद्राणीच्या बाटल्या दोनदा उकळल्या. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. फ्लोराइडचं पाणी पिणारी माणसं दातांवरून ओळखू येतात. केराबाई जन्मापासून या गावात आहेत, आणि दात कसे, तर मोगऱ्याच्या कळ्या! मग हे फ्लोराइड आलं कुठून?

बुधवार, १२ नोव्हेंबर

झोप नाही. मोबाइलवर वाचत बसले होते. पावडरचं दूध पिणाऱ्या बाळांना खरा धोका नायट्रेटचा. ओठ निळे पडतात. उकळून ते जात नाही. आणि मी, सहा वर्षं काउंटरवर बसलेली शहाणी, त्याच रकान्यापुढे खूण करायची विसरले! रुद्राणी नऊ दिवस हे पाणी प्यायली आहे.

दुसरी बाटली भरली. या वेळी एकच खूण. नायट्रेट.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दात घासताना आरशात पाहिलं. माझ्या पुढच्या दोन दातांवर तपकिरी रेघा. मोठ्या माणसाला अशा रेघा येत नाहीत. लहानपणी, दात तयार होतानाच येतात. अजिंक्यचे पाहिले. त्याच्याही.

केराबाईंकडे गेले. आज हसले नाही. त्या मेथी निवडत होत्या. हात न थांबवता सांगितलं, की त्यांचं पहिलं लेकरू रांगत होतं तेव्हा कुणी एक शिकलेला पाहुणा आला आणि या पाण्यात कावीळ तर नाही ना, असं त्यानं काठावर उभं राहून विचारलं. आठ दिवसांत लेकरू पिवळं झालं. मग तुम्ही काय केलंत, असं मी विचारलं. म्हणाल्या, “काय करनार? त्ये गेल्यावर इचारायचं बंद केलं.”

घरी येऊन गुरुला फोन लावला. माझी बाटली तपासू नका म्हटलं. तो म्हणाला, मॅडम, ती कालच मशिनला लावली.

रविवार, १६ नोव्हेंबर

दिवसभर रुद्राणीचे ओठ बघतेय. गुलाबी आहेत.

डोकं गप्प बसत नाही. शिसं. पारा. आर्सेनिक. रकाने आपोआप आठवतात. मी खूण केलेली नाही. नुसतं आठवलं. नुसतं आठवलेलं चालत असेल ना?

केराबाईंचं ‘एनू इल्ल’ शंभर वेळा म्हणून पाहिलं. माझ्या तोंडून ते खोटं वाटतं. आत कुठेतरी मी विचारतच असते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नायट्रेट एकशे नव्वद. पंचेचाळीसच्या आत हवं होतं.

गुरु म्हणाला, एक गंमत सांगू का मॅडम? मशिनवर फ्लोराइडबरोबर नायट्रेटही आपोआप येतं. तुम्ही खूण केली नव्हती म्हणून पहिल्या रिपोर्टात छापलं नव्हतं. पण पहिल्या बाटलीत ते शून्य होतं. साफ शून्य. आठवड्यात एवढं वाढतं कसं?

फोन तिथेच टाकला. पाळण्याकडे धावले. ओठ निळे. नखं निळी.

सात दिवस ती जारचं पाणी पीत होती. विहिरीचं नाही. पण आधीचं तिच्या अंगात आहेच की. विहीर आता तिच्या आत —

बुधवार, १९ नोव्हेंबर. सोलापूर

ऑक्सिजन लावलाय. तरी निळी. डॉक्टर म्हणाले, की रक्त तपासल्याशिवाय औषध देता येणार नाही, हे नायट्रेटचं की हृदयाचं की आणखी कशाचं ते कळायला हवं. फॉर्म माझ्या हातात दिला. मी तो फाडला.

अजिंक्यला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. त्यानं ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला, आणि म्हणाला की तू थोडी झोप.

तो वाईट नाही. तपासलं नाही तर ती मरेल, एवढंच त्याला दिसतंय. खरंही आहे ते. आणि तपासलं तर — मला भीती वाटते. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

रकाने डोळ्यांपुढून हलत नाहीत. प्रत्येक रकाना आजाराचा. ‘बरी आहे का’ असा एकही नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

काचेच्या आत मी आणि ती. बाहेर काउंटरवर अजिंक्य. दुसरा फॉर्म. काच वाजवली. बघत नाही. तिच्या हाताला सलाईन आहे, मास्क धरायला मीच — उठता येत नाही. मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावते.

अजिंक्य वर बघ.

खुणा करू नकोस.

बघत नाही. केली. पहिली.

तिच्या डोळ्यांत — पांढरं होतं तिथे पिवळं —

काविळीचा रकाना होता तो. मी इथून ओळखते. वरून तिसरा —

दुसरी खूण. पावलं सुजली. बोट दाबलं तर खळगा तसाच —

नर्स त्याला काहीतरी सांगतेय. तो मान हलवतोय. सगळं करा म्हणतोय. सगळं —

रुद्राणी माझ्याकडेच बघतेय. रडत पण नाही. अजिंक्य, तुझी मुलगी आहे. पेन खाली ठेव. आपण तिला असंच घरी नेऊ, काही न विचारता —

त्यानं मान वर केली. बघतोय. वही दिसली त्याला. बघतोय —

हसला. हात हलवला. झालंच, म्हणतोय.

आणि फॉर्मचं पान उल—