शर्टावरचं नाव

२ जून २०१४, लातूर
नांदेडच्या सभेसाठी भाषणाची सुरुवात लिहिली — “फ्लेक्सवाल्या मित्रांनो, कॉम्प्युटरपेक्षा महाग फोटोशॉप आपल्याला परवडत नाही, म्हणून आपण चोरीचं वापरतो आणि जन्मभर मान खाली घालून बसतो!” बरं जमलंय.

३ जून
फ्लेक्स छापणाऱ्या शेषेरावनं माझ्या विद्यार्थिनीला, तनुजाला, प्रेसमधून परत पाठवलं. गिम्प येतं, फोटोशॉप येत नाही, म्हणून. गिम्प शिकवलं मीच — फोटो सुधारायचं, फुकट, मोकळं, कुणाच्या मालकीचं नसलेलं सॉफ्टवेअर! या महिन्यात नोकरी लागली नाही तर जळकोटला तिचा बाप तिचं लग्न लावून टाकणार.

४ जून
शेषेरावशी तासभर भांडलो. छपाईचे चार रंग गिम्पमधून सरळ निघत नाहीत, हे त्याचं खरं. मान्य केलं. पण फोटोची सफाई? पैज लागली. बारावीत झळकलेल्या एका मुलीचा फोटो, शर्टावरची अक्षरं काढायची. त्याचा माणूस फोटोशॉपवर, तनुजा गिम्पवर. मी तिच्या खुर्चीमागं उभा. कापडाची घडी न घडी शाबूत! त्याच्या माणसाच्या फोटोत छातीवर डाग राहिला. शेषेराव म्हणाला, “पोरगी ठेवली, मास्तर.”
सभेत दाखवायला मूळ फोटोसकट सगळं पेनड्राइव्हवर घेतलं.

७ जून
चौकात चाळीस फुटी फ्लेक्स. तीच मुलगी, तनुजानं साफ केलेला तोच फोटो. खाली इथल्या बड्या क्लासचं नाव — आमची विद्यार्थिनी!

८ जून
किशनराव सर घरी आले. त्र्याण्णवच्या भूकंपापासून औशाकडे पत्र्याच्या शेडात शिकवतात. इतक्या वर्षांत झळकलेली ही एकच. मूळ फोटोत तिच्या अंगावर त्यांच्याच वर्गाचं नाव छापलेला शर्ट होता. बड्या क्लासनं पैसे देऊन मुलीच्या बापाला गप्प केलंय. सर चिडले नाहीत. एवढंच विचारलं, “आमचं नाव इतकं साफ कुणी काढलं हो?”

मी ती अक्षरं वाचलीच नव्हती. कडा बघत होतो! चोरीच्या सॉफ्टवेअरविरुद्ध पंधरा वर्षं घसा फोडला, आणि चोरी झाली ती कायदेशीर सॉफ्टवेअरवर — माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या कौतुकात.
मूळ फोटो सरांना दिला तर खोटं उघडं पडेल. आणि शेषेरावचं मोठं गिऱ्हाईक तुटून तनुजाची नोकरी जाईल.

९ जून
तनुजाला सगळं सांगितलं.  म्हणाली, “द्या सर फोटो. पण मग जळकोटला या, अन् माझ्या बापाला तुम्हीच समजावून सांगा.”