आजीच्या पिशवीशेजारचे बटाटे

चि. तोर्लाइफ यास अनेक आशीर्वाद.

गावच्या संग्रहालयात आजीच्या सुईणपणाच्या पिशवीशेजारी बटाट्यांची टोपली ठेवली आहे, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. तुझा गुडघा बरा असेलच. नसला तरी ये. संग्रहालयाचा अध्यक्ष तू आहेस.

रविवारच्या श्रमदानात तिथल्या पाट्या रंगवल्या. आजीची पाटी शेजारच्या ओद्दवारच्या वाट्याला आली. सुईणीला आपण 'यूरमूर' म्हणतो, यूर म्हणजे जमीन आणि मूर म्हणजे आई. तेवढ्यावरून त्याने 'गावाला शेती शिकवणारी माता' असं रंगवलं (अक्षर सुबक आहे, हे कबूल) आणि टोपली मांडून वर एक फावडंही टेकवून ठेवलं. जाब विचारला तर म्हणतो, "अहो बोर्गहिल्डबाई, जमिनीची आई बटाटे नाही लावणार, तर काय मासे लावणार?" सगळे हसले. मी हसले नाही.

मी कॉलेजात असताना हा शब्द मोठ्या कोशात उभ्याने वाचला आहे (बसायला जागा नव्हती). एक मत असं, की जुन्या भाषेत लेकराला 'योद' म्हणत, आणि पुढे बोलता बोलता 'योद'चं 'यूर' होऊन त्या शब्दावर माती चढली. दुसरं मत असं, की नुकतं जन्मलेलं मूल जमिनीवर ठेवत, आणि ते उचलून घेणारी ती यूरमूर. कुठलंही मत घे, बटाटा त्यात नाही. आजीने चारशे बारा मुलं उचलली, आईने सहाशेच्या वर, आणि मी निवृत्त होईपर्यंत एकही हातातून निसटू दिलं नाही. त्या घराण्याला फावडं! मी फावडं आणि टोपली दोन्ही उचलून घरी आणली. ओद्दवार "अहो, निदान ते फावडं तरी..." करत मागे आला. मी दार लावून घेतलं.

श्रमदानाला आपल्याकडे कोणी नावं ठेवत नाही, शिवाय त्याच्या बायकोने भाजलेले तीन गोड वाफल मी खाल्ले आहेत. तेव्हा पाटी बदलायला त्याला तू सांग.

तुझी बोर्गहिल्डताई

ता.क. फावडं पुसलं, तर दांड्यावर आजीच्या नावाची अक्षरं निघाली. ओद्दवारला बोलावलं, तेव्हा त्याने सांगितलं. त्याच्या जन्माच्या दिवशी आजीने बर्फ उपसून त्यांचं दार मोकळं केलं आणि फावडं तिथेच विसरली. म्हणजे हाही चारशे बारांतलाच. तू त्याला काही बोलू नकोस. नवी पाटी तोच रंगवील, एवढी परवानगी दे.

ता.क. २. ओद्दवारच्या हाती दिलं: फावडं एक, पुसलेलं. कोरी फळी एक. टोपली एक, रिकामी. बटाटे आम्ही दोघांनी उकडून खाल्ले.