अंगावर शिवलेला सदरा

अणदूर, ता. ६ नोव्हेंबर १९४४

ती. सौ. रुद्रम्मा अक्कास शिवगंगाचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, बाबांनी लग्नात दिलेलं शिवणाचं मशीन इथं आल्यापासून चादरीखालीच होतं. दिवाळीत मी ते उघडलं. पोलकं माझं, पण बिभीषण शिंप्याला माप सांगतात सासूबाई, आणि तेही स्वतःच्या अंगाचं. माझ्यासारख्या दोघी त्यात आरामात नांदतील. एकदा तरी माझ्या मापाचं पोलकं मला माझ्या हातानं शिवायचं आहे.

मामंजींना मात्र मशीनची अडगळ वाटते. त्यांनी अट घातली आहे. तुळजापूरला नणंदेच्या सासऱ्यांकडं, गुंडप्पांकडं, वास्तुशांत आहे. तिथं चारचौघांत घालता येईल असा सदरा शिवला तर मशीन राहील, नाहीतर सोलापूरला माहेरी परत. आजवर मी फक्त उशीचे अभ्रे शिवलेत, त्यातल्या एकाच्या चारही बाजू बंद झाल्या. लढाईमुळं कापड कंट्रोलवर मापून मिळतं, ते पुन्हा मिळायचं नाही. लवकर मार्ग दाखव. भाच्यांना पापे.

तुझी,
शिवगंगा


सोलापूर, ता. १२ नोव्हेंबर १९४४

चि. सौ. शिवगंगास अ. उ. आ.

तो अभ्रा उशीसकट शिवला असतास तर कुणी नाव ठेवलं नसतं. असो. रडू नकोस. मामंजींचा जुना सदरा कापडावर पसर आणि कडेनं खडूनं आख. गळा कापताना हात आखडता ठेव. लहान कापलेला गळा मोठा करता येतो, मोठा कापलेला लहान होत नाही. बटणांची काजं तुला इतक्यात जमायची नाहीत, म्हणून पुढची बटणपट्टी सोडून दे आणि साधा गोल गळा कर. मलाही पहिल्या वेळी घाम फुटला होता. तुझ्या भावजींनी तो सदरा मुकाट घातला, पण फक्त घरात.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. लोभ आहेच, तो कापडासारखा कंट्रोलवर नाही.

तुझी अक्का


अणदूर, ता. २७ नोव्हेंबर १९४४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी मामंजी सदरा घालून तुळजापूरला गेले. घालून म्हणजे काय ते ऐक. तुझा शब्द प्रमाण मानून मी पट्टी सोडली आणि गळाही आखडता कापला. सडकेवर मोटार गाठायची म्हणून गाडी दारात जुंपलेली, आणि डोकंच आत जाईना. गळा वाढवायला कात्री उचलली, पण बिघडलं तर दुसरं कापड नाही म्हणून खाली ठेवली. शेवटी एका खांद्याची शिवण उसवली, सदरा त्यांच्या अंगावर चढवला आणि खांदा अंगावरच शिवून टाकला. अंगावर शिवताना तोंडात काडी धरायचा रिवाज, त्यामुळं मामंजींना काही बोलता आलं नाही. मग आरशात बघून खूश झाले. सासूबाईंनाही नाव ठेवायला जागा सापडली नाही.

गाडी वळणाआड गेली आणि मला एकदम आठवलं. बाहेर कुठंही असोत, लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय मामंजी पंगतीत घास घेत नाहीत. आणि गळ्यातलं लिंग त्या सदऱ्यातून वर येईल कसं? तिथं दोन बोटंसुद्धा शिरत नाहीत. आपल्या लिंगायतांत जन्मून हे माझ्याही ध्यानात आलं नाही आणि तुझ्याही. मशीन परत पाठवायला पुसून ठेवलं आहे. मला फार वाईट वाटतंय.

शिवगंगा


सोलापूर, ता. ५ डिसेंबर १९४४

चि. शिवगंगास अ. उ. आ.

अगं, गुंडप्पा दुकानाचा माल भरायला आले होते, ते आमच्याकडं उतरले. मी भीत भीत वास्तुशांतीचा विषय काढला, तर ते मामंजींची तारीफ करताना थकेनात. पोचल्या पोचल्या मामंजींनी सुनेनं शिवलेला सदरा सगळ्यांना दाखवला म्हणे. एवढं मिरवल्यावर तो चारचौघांत उसवायचा कसा? खालून वर उचलावा तर व्याह्यांच्या ओसरीवर पोट उघडं. पुरणपोळी वाढायला घेतली तेव्हा मामंजींनी सांगितलं, आपला सोमवारचा निरंकार उपवास असतो. पाण्याचा घोटही घेतला नाही. पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. हे ऐकून मी आत गेले आणि हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

पण मशीनचं काय झालं, ते आधी लिही. माझा जीव टांगणीला आहे.

अक्का


अणदूर, ता. १९ डिसेंबर १९४४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मशीन जागच्या जागी आहे. त्या संध्याकाळी ते परतल्यावर मी खांदा उसवला, मामंजींनी पूजा केली आणि भाकरीवर भाकरी खाल्ली. मग मशीन परत धाडणार कसे? सदऱ्याला वाईट म्हणावं तर उपवास खोटा पडतो, हे त्यांना कळत होतं आणि तुझ्या पत्रानंतर मलाही.

पुढं तुळजापूरहून सासूबाईंना निरोप आला. नवऱ्यानं गुपचूप केवढं व्रत धरलं म्हणून त्यांना भरून आलं. त्यांनी गल्लीभर सांगितलं. आता दर सोमवारी बायका पाया पडायला येतात आणि मामंजींसाठी चूल पेटत नाही.

मी माझं पोलकं शिवायला घेतलं आहे. काल सोमवारी मशीनवर बसले होते, तर मामंजी आत आले आणि कोपऱ्यात टेकले. त्यांचा चेहरा बघवेना. मी माझ्या वाट्याची भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं सरकवली. त्यांनी मान खाली घालून सगळी खाल्ली. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगते, आनंदही झाला. उठताना हळूच म्हणाले, "पोरी, मशीन आता कुठं जायचं न्हाय. फकस्त सोमवारी दार लावून शिवत जा."

तुझ्या मायेची भुकेली,
शिवगंगा