कपारीतला हात आणि हाईम अंकलांची टोपी

ब्रिस्टल,
१८ मे २००६

ती. दीनानाथमामा यांना,

अक्षयाचा नमस्कार. वाकून केला आहे असे समजा. प्रत्यक्षात वाकता येत नाही, कारण रविवारपासून माझी कंबर धरली आहे, आणि ती का धरली हेच सांगायला हे पत्र लिहीत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? नदीला पाणी कितपत उरले आहे? तुमच्या संजयच्या पत्रावरून कळले की तुम्ही माझी पत्रे देवळाच्या पारावर सगळ्यांना वाचून दाखवता आणि मी लंडनला पूल बांधते असे सांगता. मामा, मी ब्रिस्टलला आहे, आणि पाऊस पडल्यावर गटाराच्या पाइपात किती पाणी येईल त्याची गणिते करते. (या कामाला मी कमी समजत नाही. पूल पडला तर पेपरात येते; गटार तुंबले तर सगळे गाव आजारी पडते आणि कोणी काही छापत नाही.) आपल्या घरातली पहिली इंजिनियर म्हणून माझे कौतुक जरूर करा, पण खरे सांगून करा. आणि हे पत्र पारावर वाचू नका. आईला वाचून दाखवलेत तर पाण्यात पडल्याचा भाग गाळा.

तर सुरुवातीपासून सांगते. मागच्या हिवाळ्यात मी बसमधून घरी येताना फोनवर निधीशी बोलत होते. (निधी माझी नागपूरची मैत्रीण, बर्मिंगहॅमला बँकेत असते.) बसमध्ये मराठी कोणाला कळणार, म्हणून मी समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या टोपीचे सविस्तर वर्णन करत होते. हिरवी टोपी, आणि तिच्यावर चहूबाजूंनी मेलेले किडे टोचलेले. मी निधीला म्हटले, माणूस चांगल्या घरातला दिसतो, पण घरी लक्ष द्यायला कोणी नसावे. त्यावर ते गृहस्थ मागे वळले आणि शांतपणे म्हणाले, "मेलेले नाहीत ते, बाय. मी हाताने बनवतो. आणि घरी लक्ष द्यायला बायको आहे, नको तितकी आहे."

हे हाईम अंकल. हाईम किहीमकर. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. वाढले मुंबईत आणि तरुणपणी इथे विमानाच्या कारखान्यात नोकरीला आले ते इथलेच झाले. त्यांची मुले इंग्रजीच बोलतात, त्यामुळे नवराबायकोचे मराठी फक्त एकमेकांशी भांडण्यापुरते उरले होते. मी त्या बसमध्ये लाजेने एक स्टॉप आधीच उतरले, तर ते माझ्यामागे उतरले आणि म्हणाले की रूथने आज बोंबलाचे कालवण केले आहे, चल. परक्या देशात अनोळखी माणसाबरोबर जाऊ नये हे मला माहीत आहे, मामा. पण बोंबलाचे कालवण म्हणणारा माणूस परका कसा, हे तुम्हीच सांगा.

आता टोपीवरच्या किड्यांबद्दल. इथे मासे धरण्याचा एक प्रकार आहे, त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. गळाला गांडूळ लावायचे नाही, कणीक लावायची नाही. कोंबड्याची पिसे आणि रेशमाचा धागा गळाला गुंडाळून खोटा किडा करायचा, आणि तो लांब काठीने, चाबूक फिरवावा तसा दोरा मागेपुढे फिरवून, पाण्यावर असा अलगद टाकायचा की माशाला वाटावे आताच उडत आला. मासा फसला की त्याला जवळ ओढायचे, ओल्या हाताने धरायचे, गळ काढायचा. आणि सोडून द्यायचे.

होय, सोडून द्यायचे. (तुम्ही इथे पत्र खाली ठेवून मामीला हाक मारली असणार. मी थांबते.)

मला सुरुवातीला तुमच्यासारखेच वाटले. पण मी लायब्ररीतून पुस्तके आणून वाचली आणि माझे मत बदलले. ओढा लहान, मासे मोजके. सगळ्यांनी नेले तर पुढच्या वर्षी काय उरेल? मागच्या पत्रात मी तुम्हाला तुमच्या बारीक जाळ्याबद्दल आणि अंड्यावर आलेल्या माशांबद्दल चार पाने लिहिली होती. उत्तरात तुम्ही फक्त हवामान कळवलेत. मी रागावलेली नाही, पण विचार करा.

हाईम अंकलांचा ओढा शहराच्या दक्षिणेला आहे, आपल्या गावच्या ओढ्यापेक्षा थोडा रुंद, पाणी स्वच्छ आणि बाराही महिने बर्फासारखे. तो एका क्लबच्या ताब्यात आहे. (ओढा क्लबचा कसा असू शकतो, हा प्रश्न मीही विचारला. हाईम अंकल म्हणाले, हळू बोल.) गेल्या शरदात ते एकटे गेले असताना दगडावरून घसरले आणि कुत्रा फिरवणारी एक बाई तिथून जाईपर्यंत काठावर पडून राहिले. तेव्हापासून रूथ आंटींनी कायदा केला आहे: एकट्याने जायचे नाही. "पडायचं तर माणूस बरोबर घेऊन पड," असे त्या म्हणतात. आणि क्लबचा कायदा असा, की पाहुण्याला वर्षातून एकदाच नेता येते. रोज बरोबर यायचे तर तो सभासदच हवा. क्लबातले त्यांचे जुने सोबती काही वारले, काही मुलांकडे राहायला गेले. त्यामुळे या वर्षी हंगाम सुरू झाला तरी हाईम अंकल घरीच. मागच्या अंगणातल्या हिरवळीवर उभे राहून कुंड्यांच्या दिशेने दोरा फेकतात. शेजारच्यांचे मांजर भिंतीवर बसून पाहते आणि एकदा तर किड्यावर झडप घालून त्यांना तेवढाच आनंद दिला त्याने. मला ते दृश्य बघवेना. मी म्हटले, मी होते सभासद.

मग दोन महिने शिकवणी झाली. दोरा फेकायला शिकताना मी रूथ आंटींची वाळत घातलेली चादर धरली, शेजारचे गुलाबाचे झाड धरले, माझी स्वतःची वेणी धरली. ("मासा सोडून सगळं लागतंय पोरीला," रूथ आंटी खिडकीतून.) पण मी अभ्यासू आहे हे तुम्हाला माहीत आहे. एप्रिलअखेर माझा किडा कुंडीत पडू लागला.

नव्या उमेदवाराला क्लबचे अध्यक्ष एक दिवस ओढ्यावर नेऊन स्वतः पारखतात. अध्यक्ष मिस्टर टकर उंच, सावकाश बोलणारे, निवृत्त हेडमास्तर आहेत. गेल्या रविवारी आम्ही तिघे गेलो. मी हाईम अंकलांची जुनी रबरी विजार घातली होती. ती छातीपर्यंत येते आणि पाणी आत येऊ देत नाही. (आलेले बाहेरही जाऊ देत नाही, हे नंतर कळले.) मामा, माझ्या मनात फार मोठमोठे विचार होते. वाटले, आज मी एकटी नाही. आपले सगळे लोक, ज्यांना आजवर कोणी क्लबात बोलावले नाही, ते माझ्यामागे उभे आहेत. मी नियम पाळून दाखवीन, मासा धरीन, त्याचे आभार मानीन आणि सोडीन, आणि मिस्टर टकरना कळेल की आम्हीही नदी सांभाळणारी माणसे आहोत.

पहिला तास बरा गेला. मिस्टर टकर एकदा "हं" म्हणाले, आणि हाईम अंकलांनी मला खूण केली की हे कौतुक आहे. मग ओढ्याच्या वळणावर, पलीकडच्या झाडाखाली एक मासा वर येताना दिसला. नीट फेकता यावे म्हणून मी आणखी दोन पावले आत गेले आणि शेवाळलेल्या दगडावरून सरळ आडवी झाले. विजारीत पाणी भरले. काठी एकीकडे, मी एकीकडे. हाताला काठाची मुळे लागली ती धरली, दुसरा हात आधारासाठी काठाखालच्या कपारीत गेला, आणि मामा, तिथे त्या हाताला पोट लागले.

तुम्ही समजलात. थंड, गुळगुळीत, जागेवरच हलणारे पोट.

पुढचे जे घडले त्यात माझ्या शिक्षणाचा काही भाग नव्हता. मी नाकापर्यंत पाण्यात होते, कंबरेत कळ आली होती, आणि हात आपले काम करत होता: बोटे वाकडी, पोटाखालून हळूहळू पुढे, खाजवल्यासारखे करत, घाई नाही, कल्ल्याजवळ पोचल्यावर घट्ट. तुम्ही नदीच्या डोहात मला मांडीवर धरून शिकवले होते, तसेच. मी उभी राहिले तेव्हा माझ्या दोन हातांत असा ट्राउट मासा होता की त्याच्यापुढे आपली मरळ पोरसवदा वाटावी. सोनेरी अंग, लाल ठिपके. आणि मी, जी आपल्या सगळ्या लोकांच्या वतीने तिथे उभी होते, ती काय ओरडले असेन? "पाटी आणा, पाटी."

मराठीत ओरडले, तेवढे तरी बरे. पण तिथे एक मराठी समजणारा माणूस होता. हाईम अंकलांनी क्षणाचाही विचार न करता टोपी काढली, उलटी केली, आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात येऊन माझ्यापुढे धरली. दोघेही इतके खूश होतो की मिस्टर टकरांची आठवण आम्हाला जरा उशिराच झाली.

ते काठावर उभे होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले की हे फारच इंटरेस्टिंग होते. (इथे कोणी असे म्हणाले की समजावे, काम बिघडले.) मी मासा पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे करून, त्याला दम येईपर्यंत. मग तो गेला. हाईम अंकल रिकाम्या टोपीत बघत राहिले.

परतताना गाडीत हाईम अंकलांकडून कळले की हाताने मासा धरणे म्हणजे इथे सरळ चोरी. पूर्वी गरीब लोक जमीनदारांच्या ओढ्यांत रात्री असे हात घालून घरी जेवण नेत, म्हणून त्यावर शेकडो वर्षांची बंदी. म्हणजे मी क्लबच्या अध्यक्षांसमोर, त्यांच्याच पाण्यात, भर दुपारी, शास्त्रशुद्ध पद्धतीने चोरी केली, आणि माझी शिफारस करणाऱ्या सभासदाने माल ठेवायला टोपी पुढे केली. जूनच्या शेवटी कमिटी बसणार आहे. मला घेतले नाही तर हाईम अंकलांचा हा हंगाम गेलाच; आणि पुढचे किती हंगाम गुडघे साथ देतील, हे ते बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

रूथ आंटींना मी घरी गेल्याबरोबर सगळे सांगितले. त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "टोपी धरलीस? त्या हेडमास्तरासमोर?"

"अगं, मोठा होता," हाईम अंकल म्हणाले.

"केवढा?"

त्यांनी हातांनी दाखवला. रूथ आंटींनी माझ्याकडे पाहिले. मी हात आणखी थोडे लांब केले. त्या आत गेल्या आणि नारळ फोडल्याचा आवाज आला. फ्रीजमधले दुकानातले मासे होते. आम्ही तिघे मान खाली घालून जेवलो, आणि मध्येच हाईम अंकल एकटेच हसायला लागले ते कितीतरी वेळ थांबेनात. हंगाम गेला तर जाऊ दे, असे ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा परत कुंड्यांसमोर उभे होते.

बाकी इकडे सर्व ठीक. मामीला नमस्कार, संजयला अभ्यासाला लाग म्हणावे. तब्येतीला जपा.

तुमची,
अक्षया

ता. क. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात क्लबचा निरोप आला. कमिटीने मला अजून नाकारलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की उमेदवाराची मासेमारी लहानपणापासून पाहिलेल्या एका जबाबदार व्यक्तीचे पत्र हवे. अशी जगात एकच व्यक्ती आहे आणि तिचा गुडघा दुखतो. मामा, कृपा करून लगेच लिहा. मराठीत चालेल, हाईम अंकल भाषांतर करतील. हे पत्र लिहिण्याचे कारण आता हेच समजावे.

ता. क. दुसरा. पत्रात खरेच लिहा. मी खोटे लिहा म्हणणार नाही. फक्त मी किती मासे धरले तो आकडा नको. तुम्ही तो दर वर्षी वाढवता, आणि इथे निम्मा केला तरी पोलीस येतील. "मुलगी लहान मासे सोडून देत असे" हे मात्र जरूर लिहा. हे खरे आहे. ते हातातून निसटत असत, पण शेवटी सुटत असत ना? जाळ्यांबद्दल काही लिहू नका. आणि ज्या लोकांना धरलेला मासा घरी नेता येत नाही त्यांच्यात तू कशाला जातेस, हे तुम्ही वाचता वाचता म्हणाला असाल ते तर मुळीच नको.

ता. क. तिसरा. आज संध्याकाळी मिस्टर टकर मला सुपरमार्केटच्या बाहेर भेटले. हवेबद्दल बोलले, माझ्या कंबरेची चौकशी केली, मग आजूबाजूला पाहून माझी पिशवी धरण्याच्या निमित्ताने जवळ आले आणि विचारले, की कल्ल्याशी पोचल्यावर अंगठा वरून ठेवायचा की बाजूने. मला नक्की सांगता येईना. माझा हात जाणतो, मी जाणत नाही. तेव्हा तेवढे सविस्तर कळवा, जमल्यास चित्र काढून. पण शिफारसपत्रात नको. वेगळ्या कागदावर.