चष्म्याच्या घरातली चिठ्ठी

मंगळवार, १४ तारीख

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवते आहे.

तुझी मुलाखत छापून आली तेव्हा मीच ती रुग्णालयातल्या सगळ्यांना दाखवली. ‘संगणक सुरक्षा तज्ज्ञाने अकरा मिनिटांत रुग्णालयाची यंत्रणा भेदली.’ तीही आमच्याच रुग्णालयाची! तुझ्या भाऊजींनी विचारलं, ही तज्ज्ञ पदवी त्याला दिली कुणी? मी म्हटलं, स्वतःच घेतली, पण घेतली ना.

मग बाहेरून एक जाणकार आला. सगळं तपासून त्याने मोठ्या साहेबांना सांगितलं, “कुलूप तुटलेलंच नाही. किल्लीनं उघडलंय.” तेव्हापासून लोक तुला थापाड्या म्हणतात आणि मी ज्याच्या त्याच्याशी तुझ्यासाठी भांडते. तुला ती माया वाटली असेल.

माया नव्हती रे. तू खरा ठरलास तर किल्ली कुणी शोधणार नव्हतं, म्हणून भांडत होते.

मुलाखतीच्या आधीच्या त्या रविवारी तू घरी आला होतास. मी चहा टाकून बाहेर आले, तर माझ्या चष्म्याचं घर तुझ्या हातात होतं. दर महिन्याला बदलणारा पासवर्ड माझ्या डोक्यात राहत नाही, म्हणून चिठ्ठी मी त्यातच ठेवते. त्यावरून तूच मला कितीदा रागावला होतास, पासवर्ड कागदावर लिहायचा नसतो म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मी पाहिलं, कप तुझ्यापुढे ठेवला आणि साखर पुरेशी आहे का विचारलं. दुसरं काहीही विचारायचं धैर्य झालं नाही.

नोंदणीच्या आमच्या टेबलाला पासवर्ड एकच आहे, मला आणि शेजारी बसणाऱ्या मुलीला मिळून. माझी बावीस वर्षं झाली, तिचे आठ महिने. तू माझा भाऊ, तरी संशय कुणावर जाणार? तिनेच तुला पासवर्ड दिला असं म्हणून तिला घरी बसवलंय. काल ती खणातलं सामान न्यायला आली होती. एक स्वेटर, एक पाण्याची बाटली. जाताना म्हणाली, “मॅडम, तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवा.”

मी हो म्हणून मान हलवली. चोर तू असशील, पण चोरी सांभाळून ठेवली मी.

उद्या अकराला चौकशी समितीपुढे तिला कायमचं काढायचं ठरणार आहे. त्याआधी मी आत जाऊन चिठ्ठीसकट चष्म्याचं घर टेबलावर ठेवीन. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. तुझी पदवीही जाईल, आणि कदाचित पोलीसही येतील. याची मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

साडेदहापासून मी फाटकाशी उभी असेन. तू आधी आत जा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. नाही आलास तर मी सांगेन, आणि तुझं नाव घेईन.

आजवर तुझी बाजू खोटी घेतली. उद्या ये, खरी घेते.

तुझी,
ताई